कांताताईंचा पूल

कांता मेश्राम स्वतःच्या घराची किल्ली हातात घेऊन पहिल्यांदा दारात उभ्या राहिल्या, तेव्हा मी त्यांच्या शेजारी होते. घर साधंच होतं. अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावात, एका जुन्या गल्लीतलं बैठं विटांचं घर, तीन खोल्या, खाली बेसमेंट आणि मागे भलंमोठं अंगण. ऑक्टोबर होता, मेपलची पानं पायरीपर्यंत साचली होती. ताईंनी किल्ली कुलपात घातली, पण फिरवली नाही.

"उत्तरा, थांब जरा," त्या म्हणाल्या. "घाई काय आहे? आता कोणी उठवणार थोडंच आहे."

त्या असं का म्हणाल्या ते मला ठाऊक होतं. ताईंचे वडील तुमसरजवळच्या मँगनीजच्या खाणीत कामाला होते. दोन खोल्यांचं क्वार्टर कंपनीचं. वडील निवृत्त झाले त्या महिन्यात सामान ट्रॅक्टरमध्ये भरून बाहेर पडावं लागलं. त्यानंतर भंडाऱ्यात भाड्याचं घर, नागपुरात वसतिगृह, लॅबचं शिक्षण आणि मग वीसेक वर्षांपूर्वी थेट मिशिगन. इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये त्या लागल्या त्या आजपर्यंत तिथेच आहेत. लग्न केलं नाही. भावाच्या मुलांची शिक्षणं केली. धाकटी भाची जागृती जवळच्याच ॲन आर्बरला मास्टर्स करायला आली तीही त्यांच्याच भरवशावर.

आमच्या मराठी मंडळींत ताईंची ख्याती वेगळीच. कोणाच्या वाढदिवसाला गेल्या की केक कापायच्या आधी त्या यजमानिणीला विचारणार, "हिमोग्लोबिन किती आलं गं यंदा?" कोणी टेस्ट केली नसली तर पुढच्या भेटीपर्यंत पिच्छा सोडायच्या नाहीत. माझा थायरॉइड त्यांच्यामुळेच सापडला. म्हणून ताईंनी घर घ्यायचं ठरवल्यावर लोक मागून "एकटीला तीन खोल्या कशाला?" असं कुजबुजले तरी तोंडावर बोलायची कोणाची हिंमत झाली नाही. आणि बेसमेंटमध्ये पहिली बुद्धवंदना झाली, चाळीस माणसं सतरंज्यांवर ऐसपैस बसली, तेव्हा कुजबुजणारेच म्हणायला लागले, "बरं झालं ताई, अपार्टमेंटमध्ये खालचे लोक छताला काठी मारायचे."

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. ताईंचा हप्ता दर महिन्याच्या एक तारखेला खात्यातून आपोआप जायचा. त्यात कर्जाची परतफेड तर होतीच, शिवाय एस्क्रोचा भागही होता. म्हणजे घराचा टॅक्स आणि इन्शुरन्स यांचे पैसे कर्ज देणारी कंपनीच दरमहा थोडे थोडे जमा करून घेते आणि बिलं आली की परस्पर भरते. ताईंना ही पद्धत फार आवडली होती. "आपण काही बघायलाच नको," त्या म्हणायच्या. इन्शुरन्सच्या नूतनीकरणाचं पाकीट आलं, टॅक्सची बिलं आली, सगळं त्यांनी न उघडता ड्रॉवरमध्ये ठेवलं. लॅबमध्ये एक थेंब इकडचा तिकडे होऊ न देणाऱ्या बाई, पण घरच्या कागदांच्या बाबतीत निर्धास्त.

फेब्रुवारीत कंपनीचं पत्र आलं. एकोणीसशे डॉलरचा हप्ता एप्रिलपासून सव्वीसशेच्या वर जाणार होता.

ताईंनी मला ऑफिसात फोन केला. "उत्तरा, हा काहीतरी स्कॅम आहे. माझं व्याज फिक्स्ड आहे. तीस वर्षं हप्ता बदलणार नाही असं मला सांगितलं होतं."

"व्याज बदललं नसेल ताई, एस्क्रो वाढला असेल. फोन करून विचारा."

त्यांनी फोन केला. बराच वेळ सनईसारखं काहीतरी वाजत राहिलं, मग एक पोरगा लाइनवर आला. त्याने नीट समजावलं. टॅक्स बराच वाढलाय, इन्शुरन्स तर दुपटीहून जास्त झालाय. गेल्या वर्षी कंपनीने स्वतःच्या खिशातून जास्तीचे पैसे भरले, ते आता परत घ्यायचे आहेत, आणि पुढच्या वर्षासाठीही जास्त जमवायचे आहेत. म्हणून हप्ता दोन्हीकडून फुगला.

"पण दोन्ही का वाढले?" ताईंनी विचारलं.

"मॅम, आम्ही फक्त बिल भरतो," तो म्हणाला. "का वाढलं ते ज्यांनी बिल पाठवलं त्यांना विचारा."

संध्याकाळी मी गेले तर ताई ओट्याशी उभ्या होत्या. चहा ओतून ठेवलेला, त्यावर साय धरलेली. जागृती ॲन आर्बरहून बस बदलत बदलत आली होती. ताईंचा पगार वाईट नाही, पण दरमहा सातशे डॉलर जास्तीचे कुठून आणायचे? पहिल्यांदाच त्या जरा खचलेल्या दिसल्या.

"लोक म्हणाले होते, एकटीला झेपणार नाही," त्या म्हणाल्या.

"आत्या, लोकांचं सोड," जागृती म्हणाली. "पेशंटचा रिपोर्ट ॲब्नॉर्मल आला तर तू काय करतेस?"

"टेस्ट रिपीट करते. आधी मशीन तपासते."

"मग हेही तेच कर ना."

ताईंनी तिच्याकडे पाहिलं, सायीसकट चहा सिंकमध्ये ओतला आणि नवा टाकला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून त्या सिटी हॉलमध्ये असेसरच्या, म्हणजे टॅक्ससाठी घरांची किंमत ठरवणाऱ्याच्या, ऑफिसात गेल्या. मीही बरोबर होते. काउंटरवर जाड चष्म्याची एक प्रसन्न बाई होती. तिने कॉम्प्युटरवर घर काढलं आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. जुने मालक त्या घरात जवळजवळ चाळीस वर्षं राहिले होते. एकच मालक जोपर्यंत राहतो तोपर्यंत टॅक्ससाठी धरलेली किंमत दरवर्षी अगदी थोडीच वाढवता येते, असा मिशिगनचा कायदा. त्यामुळे म्हातारबाबांचा टॅक्स कितीतरी मागे राहिला होता. घर विकलं की पुढच्या वर्षी तो लगाम सुटतो आणि किंमत आजच्या बाजाराला येऊन भिडते.

"म्हणजे मी पहिल्या वर्षी त्यांच्या दराने टॅक्स भरत होते?" ताई म्हणाल्या.

"अगदी बरोबर. नव्या मालकांना हा धक्का बसतोच. आता मात्र हा लगाम तुमच्यासाठी लागू झाला. तुम्ही राहाल तोवर."

"माझ्याकडून काही चूक झाली नाही ना?"

ती बाई हसली. "तुम्ही घर घेतलंत, एवढंच."

स्वतःच्या राहत्या घराला मिळणारी सूट ताईंना लागलेली आहे ना, हेही तिने तपासून दिलं. लागलेली होती. म्हणजे टॅक्समध्ये कमी होण्यासारखं काही नव्हतं. मला वाटलं, ताई आता आणखी खचणार. पण बाहेर पडताना त्यांची चाल बदललेली होती. "कारण कळलं ना, की ताप निम्मा उतरतो," त्या म्हणाल्या. "चल, आता दुसरं सॅम्पल."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा पुन्हा फोन आला. आवाज चमत्कारिक होता, हसताहेत की रडताहेत कळेना.

"उत्तरा, माझ्या घरामागे पूल आहे म्हणे."

मी मीटिंगमधून उठून बाहेर आले होते. मला काही उलगडेना. "पूल? कोणत्या नदीवर?"

"नदीवर नाही गं! पोहायचा! स्विमिंग पूल!"

झालं होतं असं. इन्शुरन्स कंपनीने नूतनीकरणाच्या आधी वरून काढलेले फोटो पाहिले होते. ताईंच्या मागच्या अंगणात त्यांना एक मोठा निळा चौकोन दिसला. त्यांनी ठरवलं, हा पूल. भोवती कुंपण नाही, कडेला डायव्हिंग बोर्ड आहे, म्हणजे फारच धोक्याचा पूल. आणि प्रीमियम दुप्पट केला. त्यांच्या ऑफिसातल्या शेरिल नावाच्या बाईने तो फोटो ताईंना ईमेलवर पाठवला होता. ताईंनी तो मला पाठवला. मी पाहिला आणि ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून खाली बसले.

त्या कुरडया होत्या.

मागच्या जुलैत ताईंनी दहा पौंड गहू भिजवून, चीक काढून, साच्याने कुरडया घातल्या होत्या. विदर्भातल्या उन्हाची सर इथल्या उन्हाला नाही, तरी चार दिवस कडक मिळाले होते. त्यांनी अंगणभर निळी ताडपत्री अंथरली, वाऱ्याने उडू नये म्हणून एका कडेला लांब फळी ठेवली आणि खारींना हाकलत स्वतः छत्री घेऊन बसल्या. नेमकं त्याच वेळी वरून कोणीतरी फोटो काढून गेलं होतं. ताडपत्री झाली पूल, फळी झाली डायव्हिंग बोर्ड. पांढरे ठिपके मात्र त्यांनी काय समजले कोण जाणे. जागृतीचं मत होतं, पोहणाऱ्यांच्या टोप्या.

"शेरिलला सांगितलं का?"

"सांगितलं ना. ड्राइड व्हीट नूडल्स म्हटलं, पापड म्हटलं, सगळं म्हणून पाहिलं. ती म्हणते, आय बिलीव्ह यू, पण आमचा इन्स्पेक्टर डोळ्यांनी बघेल तेव्हाच खरं. आणि आत्ता तर दीड फूट बर्फ आहे. हिवाळ्यात लोक पूल झाकून ठेवतात, वर बर्फ पडतो. खाली पूल नाही हे कसं कळणार? म्हणून मे महिन्यात बघू म्हणते."

"मग?"

"मग काय! मे महिन्यापर्यंत मी न खणलेल्या पुलाचे पैसे भरू? मी विचारलं, जमीन दिसली तर लगेच येईल का माणूस? ती म्हणाली, येईल. तर तू शनिवारी ये. फावडं आण."

शनिवारी सकाळी मी गेले तेव्हा ताई आणि जागृती कानटोप्या घालून कामाला लागल्या होत्या. ताईंनी फोटो छापून आणला होता आणि पूल नेमका कुठे ते पावलांनी मोजून चार कोपऱ्यांत चार झाडू रोवले होते. थंडी मरणाची होती, पण ऊन स्वच्छ पडलं होतं आणि बर्फ साखरेसारखा चमकत होता. थोड्या वेळाने राकेश आला. तो आमच्यातलाच, इथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. त्याची बायको सिया थर्मासभर चहा घेऊन आली.

"ताई, डीप एंड कुठल्या बाजूला आहे?" राकेशने विचारलं.

"तू उभा आहेस तिथेच. बुडू नकोस," ताई म्हणाल्या.

मग जो तो सुरू झाला. सिया म्हणाली, लाइफगार्ड नाही तर मी उतरणार नाही. जागृती फळीच्या जागेवरून हात जोडून बर्फात उडी मारून आली. मी हसता हसता फावड्यासकट पडले. आमचा गलका ऐकून शेजारचा वॉल्टर कुंपणाशी आला. मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, सत्तरीतला, कमी बोलणारा माणूस. वर्षभरात त्याची आणि ताईंची ओळख हात हलवण्यापलीकडे गेली नव्हती.

"काय हरवलंय?" त्याने विचारलं.

"काही हरवलं नाही," ताई म्हणाल्या. "इथे स्विमिंग पूल नाही, हे सिद्ध करायचंय."

वॉल्टरने आम्हा पाच जणांवरून आणि रोवलेल्या झाडूंवरून नजर फिरवली. ताईंनी मोबाइलवरचा फोटो दाखवला, हकिगत सांगितली. त्याचा चेहरा जराही हलला नाही. तो वळून घरात गेला. आम्हाला वाटलं, संपलं. पाचच मिनिटांत बर्फ उडवायचा मोठा स्नोब्लोअर ढकलत तो ताईंच्या अंगणात शिरला आणि म्हणाला, "चाळीस वर्षं शेजारी राहतोय मी, इथे कधी पूल नव्हता. पाहिजे तर मी साक्ष देतो." आणि मग तो जो हसायला लागला, की त्याला मशीन बंद करावं लागलं.

दुपारपर्यंत शुभ्र अंगणाच्या मधोमध पिवळ्या गवताचा भलामोठा चौकोन तयार झाला. ताई त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या, फावडं रोवलं आणि म्हणाल्या, "काढ फोटो. भंडाऱ्याला पाठवते. म्हणावं, बघा माझा पूल."

पुढच्या आठवड्यात इन्स्पेक्टर आला. नाव केन, उंच आणि जरा वाकलेला. तो गवतावर चालला, टाच आपटून पाहिली, चारी बाजूंनी फोटो काढले. मग विचारलं, "इथे पूल नाही, हे दिसतंय. पण मग तो निळा चौकोन काय होता? मला काहीतरी लिहावं लागेल."

"आत या," ताई म्हणाल्या.

त्यांनी कढईत तेल तापवलं आणि डब्यातून एक वाळकी कुरडई काढून त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती उलटीपालटी करून पाहिली. तारेचं वेटोळं असावं तशी दिसत होती. ताईंनी ती परत घेतली, तेलात सोडली. क्षणात ती फुलून ताटाएवढी पांढरीशुभ्र झाली. केन दचकून एक पाऊल मागे सरकला. मग त्याने तुकडा मोडून तोंडात टाकला. मग दुसरा. तिसऱ्या कुरडईनंतर त्याने टॅब्लेट उघडला आणि टाइप करता करता मोठ्याने वाचलं, "पूल नाही. ते खाद्यपदार्थ होते. मी स्वतः खात्री केली आहे."

इन्शुरन्स पूर्वीच्या जवळपास आला. जास्तीचे घेतलेले पैसे कंपनीने एस्क्रोत परत टाकले. ताईंनी स्वतः फोन करून हिशेब नव्याने करायला लावला आणि हप्ता बावीसशेच्या आसपास येऊन थांबला. टॅक्स वाढला तो वाढलाच. ताईंनी नवी गाडी घ्यायचं पुढे ढकललं, महिन्यातून एक जादा शिफ्ट घेतली आणि त्याबद्दल पुन्हा कुरकुर केली नाही. "टॅक्सवर लायब्ररी चालते, रस्त्यावरचा बर्फ निघतो," एवढंच म्हणाल्या. पाकिटं मात्र आता आली की लगेच उघडली जातात.

पण मला खरी गंमत वाटली ती पुढच्या गोष्टीची. मार्चच्या वंदनेनंतर चहा घेताना ताईंनी ही सगळी कथा सर्वांसमोर सांगितली, आकड्यांसकट. आपल्याकडे एकमेकांचा पगार नि हप्ता कोणी विचारत नाही आणि सांगतही नाही. हसणं ओसरल्यावर राकेश हळूच म्हणाला, "ताई, आमचाही पाचशेने वाढलाय. आम्हाला वाटलं, आमचंच काहीतरी चुकलं. सियाने आईलासुद्धा सांगितलं नाही." मग कोपऱ्यातून आणखी एक जण बोलला, मग तिसरी. प्रत्येक जण आपापल्या घरात एकेकटा घाबरून बसला होता. त्या दुपारी बेसमेंटमध्ये लोकांनी फोनवर आपापली बिलं उघडली. एकाला राहत्या घराची सूट लागलेलीच नव्हती, हे तिथेच लक्षात आलं. ताई एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत होत्या आणि सगळ्यांना एकच विचारत होत्या, "कारण विचारलंस का? आधी कारण विचार."

चौदा एप्रिलची जयंती आम्ही त्याच्या आदल्या रविवारी ताईंच्या घरी केली. बर्फ वितळला होता, गवत हिरवं होऊ लागलं होतं. वॉल्टरलाही बोलावणं होतं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि सगळ्यांना अगदी गंभीरपणे 'जय भीम' म्हणत फिरला. आधी वंदना झाली, मग मुलांची भाषणं, निम्मी इंग्रजीत. ताई स्वयंपाकघरात खीर ढवळत असताना जागृती आत आली. तिला नोकरी लागली होती, नोव्हायमधल्याच एका कंपनीत. मे महिन्यात परीक्षा, जूनपासून काम.

ताईंनी गॅस बारीक केला, तिला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलंच नाही.

"आत्या, ऐक ना," जागृती त्यांच्या खांद्यावरूनच म्हणाली. "मी इथेच राहणार, तुझ्याकडे. पण दरमहा भाडं देणार. डन?"

"भाडं?" ताईंनी तिला दूर धरलं. "माझ्या घरात भाडेकरू नको मला."

"मग निम्मा हप्ता."

"निम्मा नाही. किराणा तुझा."

"किराणा आणि इलेक्ट्रिसिटी."

ताई विचारात पडल्यासारख्या दिसल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं. "बरं," त्या म्हणाल्या. "पण पूर्वेची खोली घे. सकाळचं ऊन येतं तिथे."

जागृती तिथूनच पळाली. दुसऱ्या मिनिटाला पूर्वेच्या खोलीतून टेबल सरकवल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तिची हाक, "आत्या, इथे हिरवा रंग दिला तर चालेल का गं?"

"कोणताही दे!" ताई ओरडल्या. "आधी खाली जाऊन वाट्या वाढ!"